वर वेलांटी, खाली उकार : आहोम लिपी आणि संगणकातला क्रम

लाचित बोरफुकन हे नाव महाराष्ट्रात दोन कारणांनी ऐकू येते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून सर्वोत्तम ठरून बाहेर पडणाऱ्या छात्राला त्यांच्या नावाचे सुवर्णपदक दिले जाते. आणि १६७१च्या सराईघाटच्या लढाईत मोगलांना ब्रह्मपुत्रेवर रोखणाऱ्या या सेनापतीची तुलना व्याख्यानांतून शिवाजी महाराजांशी होते. त्या तुलनेच्या गुणदोषांत मला शिरायचे नाही. मला रस आहे तो लाचितना बोरफुकनपद देणाऱ्या राजाच्या नावात. इतिहासाच्या पुस्तकांत तो चक्रध्वज सिंह म्हणून येतो. हे त्याचे हिंदू नाव. त्याचे आहोम नाव सुपांगमुंग असे लिहिले जाते, आणि या नावातला पहिला 'सु' आणि शेवटचा 'मुं' या दोन्ही अक्षरांत जो उकार आपण वाचतो, तो मुळात उकार नाही.

आहोम ही ताय कुळातली भाषा. थायलंडची थाय, लाओसची लाओ, म्यानमारमधली शान या तिच्या बहिणी. या भाषांत एक स्वर आहे जो मराठीत नाही आणि असमियातही नाही. जीभ 'उ'च्या जागी मागे ठेवायची, पण ओठांचा चंबू करायचा नाही. ते 'इ' म्हणताना पसरतात तसे पसरलेले ठेवायचे. वाचकांनी मनातल्या मनात करून पाहावे. जे काही निघेल ते इ आणि उ यांच्या मधले काहीतरी असेल. 'देश, राज्य' या अर्थाचा शब्द आणि 'वाघ' या अर्थाचा शब्द, दोन्हींत हा स्वर. आहोम राजांची नावे 'सु'ने सुरू होतात ती याच वाघामुळे, आणि अनेक नावे 'मुंग'ने संपतात ती याच देशामुळे.

लिहिणाऱ्यांनी या स्वरासाठी नवे चिन्ह केले नाही. जवळ होते त्यातूनच भागवले: व्यंजनाच्या डोक्यावर इकाराचे चिन्ह, पायाखाली उकाराचे. दोन्ही एकदम. वाचणाऱ्याने ते इ अधिक उ असे वाचायचे नाही, एकच स्वर म्हणून वाचायचे. असमिया कानांना त्यातला उ तेवढा ऐकू आला म्हणून बखरींत सु आणि मुंग स्थिरावले. उलट अलीकडचे भाषाशास्त्रज्ञ रोमन अक्षरांत ही नावे लिप्यंतरित करतात तेव्हा 'सिउ' आणि 'मिउंग' असे काहीसे दिसते. ते उच्चार सांगत नाहीत, कोणती चिन्हे लिहिली आहेत ते सांगतात.

कागदावर हा प्रश्न इथेच मिटतो. वरचे आधी काढले की खालचे, हे शाई वाळल्यावर कोणालाच कळत नाही. संगणकात मात्र मिटत नाही. संगणकाच्या स्मृतीत वर आणि खाली नसते. तिथे फक्त आधी आणि नंतर असते. मी आयुष्यभर मोडी कागदपत्रे वाचत आलो आणि आहोमकडे वळलो तो या एका गोष्टीच्या कुतूहलाने: जी भाषा घरात कोणी बोलत नाही, तिच्या खुणांचा आधी आणि नंतर कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवला?

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. सुकाफा हा ताय सरदार १२२८मध्ये पाटकाईचे डोंगर ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरला. १२५३मध्ये चराईदेव येथे राजधानी झाली. तिथल्या राजसमाध्या, ज्यांना मैदाम म्हणतात, २०२४मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. १८२६च्या यांदाबूच्या तहाने आसाम इंग्रजांकडे गेला, म्हणजे ही राजवट जवळजवळ सहाशे वर्षे टिकली. राज्य करणारे थोडे आणि रयत फार, तेव्हा राज्यकर्त्यांची भाषा हळूहळू रयतेच्या भाषेत विरघळली. सतराव्या-अठराव्या शतकांत दरबार असमियाकडे सरकला, आणि एकोणिसाव्या शतकात आहोम ही फक्त पुरोहितांच्या पोथ्यांत उरली. देवधाई, मोहन आणि बाइलुंग ही त्या पुरोहित कुळांची नावे. पोथ्या साचीच्या सालीवर लिहिलेल्या. साची म्हणजे अगरूचे झाड, ज्याचा सुवास आपण उदबत्तीत विकत घेतो. साल सोलून, वाळवून, घोटून तिची पाने करीत. त्यांना साचीपात म्हणतात. लिपीचा सगळ्यांत जुना टिकलेला नमुना मात्र दगडावरचा आहे. गुवाहाटीच्या आसाम राज्य संग्रहालयात सर्पस्तंभ म्हणून ओळखला जाणारा एक शिलालेखी खांब आहे. तो सुहुंगमुंग राजाच्या काळातला, म्हणजे १४९७ ते १५३९च्या दरम्यानचा. याही राजाच्या नावात पुन्हा सु आणि मुंग!

लिपी ब्राह्मीच्याच वंशातली, म्हणजे आपली दूरची चुलतबहीण. व्यंजनात 'अ' बसलेला, त्याला घालवायला आपल्या पायमोडक्यासारखे एक चिन्ह. ते आहोममध्ये अक्षराच्या डोक्यावर बसते. एकाराची खूण व्यंजनाच्या डावीकडे येते. ओकारासाठी डावीकडे एकार आणि उजवीकडे काना, मधे व्यंजन चिणल्यासारखे; बंगाली-असमिया ओकार पाहिलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. आणि ताय भाषांचा प्राण असलेले सूर या लिपीत लिहिलेच जात नाहीत. त्यामुळे 'मा' असे एकच अक्षर लिहिले तर त्याचा अर्थ 'येणे' होऊ शकतो, 'कुत्रा' होऊ शकतो, 'घोडा'ही होऊ शकतो. बोलणाऱ्याच्या गळ्यात हे तीन शब्द वेगळे होते, पानावर ते एक झाले. बोलणारे गेल्यावर वेगळेपण सांगायला कोणी उरले नाही. म्हणून आहोममध्ये पानावर जे काही लिहिलेले आहे, त्यातली प्रत्येक खूण मोलाची. मोडीत र्‍हस्व-दीर्घ गेले तरी आपण 'दिन' आणि 'दीन' संदर्भाने ओळखतो, कारण मराठी आपल्या तोंडात जिवंत आहे. आहोमच्या वाचकाला ती सोय नाही.

ही लिपी बाहेरच्या जगापुढे आणली पाद्र्यांनी. सदियाला असलेले नेथन ब्राउन यांनी १८३७मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ताय लिप्यांवर लेख लिहिला. (हेच ब्राउन पुढे १८४६मध्ये शिवसागरहून निघालेल्या 'ओरुनोदोई' या पहिल्या असमिया नियतकालिकाशी जोडले गेले.) पण खरे काम उभे राहिले ते शतकाच्या शेवटी. एडवर्ड गेट या सनदी अधिकाऱ्याला आसामचा इतिहास लिहायचा होता आणि आहोम बखरी, म्हणजे बुरंजी, वाचायला कोणी नव्हते. त्यांनी गोलापचंद्र बरुआ यांना देवधाईंच्या मंडळाकडे भाषा शिकायला बसवले. गेट यांचा आसामचा इतिहास १९०६मध्ये आला. बरुआंचा आहोम-असमिया-इंग्रजी कोश १९२०मध्ये, आणि आहोम बुरंजी मूळ व भाषांतरासह १९३०मध्ये. दोन्ही पुस्तके कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन प्रेसमध्ये छापली गेली, आणि पुढच्या पिढ्यांनी आहोमचे छापील रूप म्हणून जे पाहिले ते याच प्रेसच्या खिळ्यांचे.

मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे असे आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला (आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे) विल्यम केरी यांनी १८१०मध्ये मराठीचा कोश छापला तो मोडी खिळ्यांत. त्या श्रीरामपूरच्या मिशनमधून फुटून निघालेल्या तरुण पाद्र्यांनी कलकत्त्यात ही बॅप्टिस्ट मिशन प्रेस काढली. मोडीला शिशाचे अंग मिळाले त्याच घराण्याच्या छापखान्यात शतकाहून अधिक काळानंतर आहोमला मिळाले.

खिळ्यांच्या छपाईत खुणांचा क्रम हा प्रश्नच नसतो. जुळारी डोळ्यांना दिसेल तसे डावीकडून उजवीकडे लावत जातो. एकार डावीकडे दिसतो, तर तो आधी लावायचा. शब्द काय आहे हे त्याला कळण्याची गरज नाही. पहिले संगणकी फाँटही याच वळणाचे होते. आहोमला स्वतःची जागा नव्हती, म्हणून रोमन अक्षरांच्या कळांवर आहोमचे आकार चढवले जात. कागदावर छान दिसे. पण यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग असे. फाँट बदलला की सोंग उतरे. मराठी वर्तमानपत्रांच्या डीटीपी विभागांत ज्यांनी नव्वदचे दशक काढले त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या काळच्या फायली युनिकोडमध्ये आणताना 'कविता'ची 'किवता' होते, ती का होते हे पाहिले की आहोमचा सगळा प्रश्न हातात येतो. जुन्या फाँटमध्ये वेलांटी डोळ्यांना दिसते तशी 'व'च्या आधी ठेवलेली असते. युनिकोड वेलांटीला 'व'च्या नंतर मागते, कारण उच्चारात ती नंतर आहे. तिची जागा बदलायला कोणी विसरले की वेलांटी आधीच्या 'क'ला जाऊन चिकटते.

देवनागरीसाठी उच्चाराचा क्रम भारतीय मानक संस्थेच्या 'इस्की' संकेतात होता आणि युनिकोडने तोच घेतला. आहोमसाठी तो आपोआप आला असे नाही. ताय कुळात दुसरी परंपरा होती. थायलंडने १९८६मध्ये आपले मानक केले तेव्हा टंकलेखन यंत्राची सवय जशीच्या तशी ठेवली: डावीकडचा स्वर दिसतो आधी, साठवायचाही आधी. युनिकोडने थाय आणि लाओसाठी हे मान्य केले. म्हणजे आहोमपुढे दोन वाटा होत्या. वंशाने ती थायची, शेजाराने असमियाची.

२०१२मध्ये मार्टिन हॉस्कन आणि स्टीफन मोरे यांनी आहोमच्या समावेशाचा सुधारित प्रस्ताव युनिकोडपुढे ठेवला. मोरे हे ऑस्ट्रेलियातल्या ला ट्रोब विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ. आसाममधल्या ताय भाषांवर त्यांचे दीर्घ काम आहे. प्रस्तावात वाट निवडली ती असमियाची, देवनागरीची: व्यंजन आधी, एकार नंतर, तो डावीकडे नेऊन ठेवणे हे फाँटचे काम. जून २०१५मध्ये युनिकोडच्या आठव्या आवृत्तीत आहोमला घर मिळाले. मोडी त्याच्या एकच वर्ष आधी, सातव्या आवृत्तीत आली होती.

याच आठव्या आवृत्तीत एक दुसरी गोष्ट घडली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ती सर्वांत बोलकी गोष्ट आहे. चीनच्या युन्नान प्रांतात शिश्वांगबान्ना येथे ताय लू लोक राहतात. ते आहोमचे भाषिक चुलतभाऊ. त्यांची सुधारित लिपी २००५पासून युनिकोडमध्ये होती आणि तिचा क्रम उच्चाराचा होता, म्हणजे आहोमला आता दिला तसाच. पण ताय लू लोक प्रत्यक्षात लिहीत होते ते दिसण्याच्या क्रमाने. मजकूर तसा साठत गेला. दहा वर्षांनी युनिकोडने माघार घेतली आणि त्या लिपीचा क्रम उलटवून लोक लिहितात तसा केला. एकदा दिलेला संकेत न हलवण्याबद्दल ही संस्था फार काटेकोर आहे; अक्षराचे नाव चुकले तरी ते बदलत नाही. त्या संस्थेने आख्ख्या लिपीचा क्रम बदलावा हे अपूर्वच म्हणायचे. तेव्हा २०१५च्या एकाच महिन्यात, एकाच ग्रंथात, एका ताय लिपीला उच्चाराचा क्रम मिळाला आणि दुसरीचा काढून घेतला गेला. फरक लिपीच्या रचनेत नव्हता. ताय लू रोज लिहिणारी माणसे होती, त्यांच्या सवयीने मानकाला नमवले. आहोमला नमवणारे कोणी नव्हते. पोथीतला देवधाई एकार आधी काढत होता की व्यंजन, हे विचारायला संगणकावर रोज आहोम लिहिणारा समाजच नव्हता.

याचा अर्थ निवड चुकली असा मी काढत नाही. उलट, कोशाच्या दृष्टीने उच्चाराचा क्रमच सोयीचा. शब्द त्याच्या पहिल्या व्यंजनाखाली सापडतो. डावीकडच्या एकारामुळे सगळे एकारान्त शब्द एका गठ्ठ्यात जात नाहीत. थायमध्ये शब्द अकारविल्हे लावताना संगणकाला स्वर आणि व्यंजन यांची मनातल्या मनात अदलाबदल करावी लागते, तशी इथे लागत नाही. शिवाय आसाममध्ये आहोम शिकू पाहणारा माणूस असमिया लिहिणारा असतो आणि त्याच्या बोटांना हाच क्रम ठाऊक असतो. मला फक्त एवढेच नोंदवायचे आहे की हा निर्णय संशोधकांनी घेतला, वापराने नाही.

आता पुन्हा आपल्या 'मुंग'कडे. क्रमाने साठवायचे ते असे: म, इकार, उकार, ङ, आणि ङवरचे मारकचिन्ह. इकार आधी आणि उकार नंतर का? उच्चारात तर दोन्ही मिळून एकच स्वर आहे, त्यांच्यात आधी-नंतर नाहीच. म्हणजे उच्चाराचा क्रम हे तत्त्व इथे काहीच सांगत नाही! इथे नियम येतो तो भाषेकडून नव्हे, यंत्राकडून. २०१५मध्येच विंडोज १०बरोबर मायक्रोसॉफ्टने ब्राह्मीवंशी लिप्यांसाठी एक सामाईक मांडणीयंत्रणा आणली. अक्षरांच्या संकेतांचा माग काढून, कोणती खूण कुठे बसवायची हे फाँटला सांगणारी ही यंत्रणा. हार्फबझ या मुक्त प्रणालीनेही तोच नमुना राबवला. पूर्वी प्रत्येक लिपीसाठी वेगळी यंत्रणा लिहावी लागे. आहोमसारख्या लिपीसाठी ती कोण लिहिणार? सामाईक यंत्रणेमुळे आहोमचे अक्षर पडद्यावर नीट दिसू लागले, हे तिचे ऋण मोठे आहे. पण सामाईक म्हटले की सामाईक नियम आले. व्यंजनानंतर स्वरचिन्हे कशी यावीत? आधी डावीकडची, मग वरची, मग खालची, शेवटी उजवीकडची. या क्रमाबाहेर काही आले तर यंत्रणा ते अक्षर मोडले असे समजते आणि सुट्या पडलेल्या खुणेखाली ठिपक्यांचे वर्तुळ काढते.

मी करून पाहिले. नोटो मालिकेतला आहोमचा फाँट बसवला, म लिहिला, मग इकार, मग उकार. मुंग सुरेख उमटले. पुढच्या ओळीत उकार आधी आणि इकार नंतर दिला. 'मु' नीट आला, आणि शेजारी एका ठिपक्यांच्या वर्तुळावर इकार एकटा बसलेला. चराईदेवच्या मातीत सहाशे वर्षे नांदलेला शब्द, आणि यंत्र सांगते की असे अक्षर नाही. ओकारातही तेच: एकार आधी, काना नंतर, नाहीतर वर्तुळ. आणि हाताच्या सवयीने एकार व्यंजनाच्याही आधी दिला, तर आपल्या 'किवते'सारखी गत. खूण एक तर वर्तुळावर लटकते किंवा मागच्या अक्षराची होते.

वर्तुळ दिसले तर बरे, असे मी म्हणेन. निदान चूक कळते. खरा घोटाळा होतो तो वर्तुळ न दिसणाऱ्या ठिकाणी. सगळ्याच प्रणाली इतक्या कडक नाहीत. जिथे तपासणी नाही तिथे वरची खूण वर जाते आणि खालची खाली, मग ती कोणत्याही क्रमाने दिलेली असो. डोळ्यांना दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. युनिकोडमध्ये अशा काही जोड्यांना 'समान माना' असे सांगण्याची तरतूद आहे. बंगाली ओकार एका संकेताने लिहा किंवा एकार व काना असा दोनांनी लिहा, ते एकच मानले जातात. आहोमच्या इकार-उकाराला ती तरतूद लागू नाही. दोन माणसांनी एकाच बुरंजीची दोन पाने दोन यंत्रांवर टंकली, तर मुंग हा शब्द बखरीत किती वेळा आला याचे उत्तर चुकीचे येईल आणि ते चुकीचे आहे हे कोणालाही दिसणार नाही.

आपण याला हसू नये. 'आचार्यांना' जेवायला बोलावले आणि 'आचाऱ्यांना' जेवायला बोलावले यांतला फरक मराठीत जो एक आडवा रफार सांभाळतो, तो युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. एकीत नेहमीचा र, पायमोड आणि न दिसणारे जोडचिन्ह. दुसरीत नुक्त्याचा ऱ आणि पायमोड. छापून आल्यावर फरक शून्य. शोधताना एकाला दुसरा सापडत नाही. दहा कोटींच्या आसपास बोलणाऱ्यांच्या भाषेत हे अजून चालू आहे. आपल्याकडे निदान कोणी तरी रोज चिडतो.

आहोमच्या 'र'चीही गंमत आहे. व्यंजनाला जोडून येणारा र या लिपीत दोन प्रकारांनी दिसतो. एक व्यंजनाच्या डावीकडून येतो, तर दुसरा अक्षराला चिकटून त्याच्यात मिसळतो. देवनागरीत 'क्र' आणि 'ट्र' यांतला र वेगळा दिसतो, तरी साठवताना तो एकच र असतो; रूप ठरवणे फाँटवर सोडलेले आहे. आहोममध्ये तसे केले नाही. दोन रूपांना दोन स्वतंत्र संकेत दिले आणि दुसऱ्याच्या अधिकृत नावातच 'जुळणारा' असे म्हटले. मला ही निवड आवडते. पोथीत लेखकाने कोणता र काढला ही माहिती त्यामुळे टिकते. एखाद्या घराण्याच्या पोथ्यांत एकच रूप येत असेल, तर ते त्या हाताची ओळख आहे. मोडीत आम्ही कागद कोणाच्या हातचा हे असेच ओळखतो. किंमत अर्थात मोजावी लागते: शोधताना दोन्ही 'र' शोधावे लागतात. त, ग आणि ब यांचीही पर्यायी रूपे स्वतंत्र ठेवली आहेत; यांतला पर्यायी ब मागाहून आला.

म्हणजे एकाच लिपीत दोन धोरणे. व्यंजनांच्या बाबतीत दिसते ते जपा. स्वरांच्या बाबतीत यंत्राला पटेल त्या एका क्रमात बसवा. पहिल्यात पोथीची बाजू घेतली आहे, दुसऱ्यात कोशाची. मोठा विसंवाद नाही हा, कारण वर-खालच्या खुणांचा क्रम पोथीतून कळतच नाही. जे नोंदवता येत नाही ते गमावले असे म्हणता येणार नाही.

संच अजून वाढतो आहे. चौदाव्या आवृत्तीत सात व्यंजने आली, त्यांत ट, ठ, ड, ढ, ण आहेत, आणि ळ आहे. हो, आपला ळ. ताय बोलीला मूर्धन्य वर्णांची गरज कधी पडली नाही. ही अक्षरे भारतीय भाषांतले शब्द लिहिण्यासाठीची. ग, घ, भ, झ यांसारखी आधीच असलेली काही अक्षरेही अशीच पाहुणी. लिपी ज्या लोकांच्या हाती आहे ते आज असमिया बोलतात, तेव्हा त्यांना आपली नावे या लिपीत लिहावीशी वाटणारच. दर वर्षी ३१ जानेवारीला मे-दाम-मे-फी हा पूर्वजपूजेचा सण होतो. देवधाईंच्या पाठात ही भाषा तेव्हा कानांवर पडते.

अर्थाचा प्रश्न क्रमाहून मोठा आहे हे मला मान्य आहे. देवधाईंनी बरुआंना सांगितलेले अर्थ सगळे बरोबर नव्हते. ज्यांची आहोम परंपरेने पाठ होती, समजेल अशी उरली नव्हती, त्यांच्याकडून ते आले होते. बी. जे. टेरविल आणि थाय विदुषी रानू विचासिन यांनी थाय व शानच्या आधाराने आहोम संहिता नव्याने वाचल्या. त्यांचे १९९२चे पुस्तक शांतिविधींच्या तीन संहितांचे आहे. १९६४मध्ये गुवाहाटीच्या इतिहास व पुरातत्त्व विभागाने 'बर अम्रा' या जुन्या हस्तलिखित कोशावर आधारलेला शब्दसंग्रह प्रसिद्ध केला, त्यात एकाच लिखित शब्दासमोर अर्थांची रांग लागलेली दिसते. 'मा' येणे, 'मा' कुत्रा, 'मा' घोडा. कोणता अर्थ कुठे घ्यायचा हे ठरवायला एकच साधन आहे: तो शब्द आणखी कुठे कुठे, कोणाच्या शेजारी आला आहे ते पाहणे. आणि ते पाहायचे तर शब्द शोधता आला पाहिजे. इकार-उकाराच्या क्रमाला महत्त्व आहे ते इथे.

ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील दप्तरांसाठीच्या योजनेतून आहोम पोथ्यांची छायाचित्रे घेतली गेली आहेत. घरांच्या माळ्यांवर किडीला आणि पुराला तोंड देणाऱ्या साचीपातांच्या प्रतिमा त्यामुळे सुरक्षित झाल्या. पण प्रतिमा म्हणजे मजकूर नव्हे. छायाचित्रात शब्द शोधता येत नाही. ती पाने एकेक करून कोणीतरी टंकायची आहेत. अडचणी बारीकसारीक आहेत. आहोमचे संकेत युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे आहेत, आणि जुन्या आज्ञावल्यांना त्यापलीकडचे एक अक्षर दोन वाटतात. खोडताना अर्धेच खोडले जाते. त्यावर उपाय नवी आज्ञावली. क्रमाचा उपाय कळफलकात करता येतो: टंकणाऱ्याने इकार आधी दाबो की उकार, कळफलकाने दोन्ही उचलून एकाच क्रमाने साठवावे. एकार व्यंजनाच्या आधी दाबला तरी त्याला थोपवून धरावे आणि व्यंजन आल्यावर मागे बसवावे. हे अवघड नाही, म्यानमारच्या लिप्यांसाठी असे कळफलक वापरात आहेत. तिकडे तर दिसण्याच्या क्रमाने साठवणारा झॉजी नावाचा फाँट देशभर पसरला होता आणि युनिकोडकडे अधिकृतपणे वळायला १ ऑक्टोबर २०१९ उजाडावा लागला. सारा देश दोन क्रमांत लिहीत होता आणि एकाचा निरोप दुसऱ्याला वाचता येत नव्हता. आहोमचा टंकलेला मजकूर अजून थोडा आहे. त्याचा क्रम आज सुधारायचा तर एका माणसाचे काही दिवसांचे काम आहे.